परदेशी पाहुण्याचे दिवस मोजायचे कसे?

मा. केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली यांस,
स.न.वि.वि.

कोल्हापुरात परदेशी अभ्यासक येत असतात. कुणी जयपूर-अत्रौली गायकीसाठी, कुणी सह्याद्रीतल्या वनस्पतींसाठी शिवाजी विद्यापीठात. पोलिसांकडची नोंदणी उरकली की कुणीतरी त्यांना आमच्यासारख्या करसल्लागाराकडे धाडतो. प्रश्न ठरलेला: करासाठी मी निवासी की अनिवासी?

आर्थिक वर्षात 182 दिवस भरले की निवासी. (त्या वर्षात 60 आणि आधीच्या चार वर्षांत मिळून 365 दिवस, ही दुसरी अट पहिल्यांदाच येणाऱ्याला लागत नाही.) साध्या वर्षात 1 ऑक्टोबरला येऊन 31 मार्चपर्यंत राहिलेल्याचे बरोबर 182 भरतात, गांधी जयंतीला उतरलेल्याचे 181. पण ही बेरीज आल्याचा दिवस धरून. तो धरायचा की सोडायचा, हे कायद्यात लिहिलेलेच नाही आणि आजवरचे निर्णय दोन्ही बाजूंचे आहेत. रात्री साडेअकराला मुंबईत उतरलेल्याचा तो अर्धा तास म्हणजे पूर्ण दिवस का? 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आणलात, ‘कर वर्ष’ आणलेत, 182 तसेच ठेवलेत. हे एक वाक्य तेवढे राहिले.

निवासी ठरला तरी नवख्या पाहुण्याच्या मायदेशातल्या घरभाड्यावर, व्याजावर इथे कर लागत नाही, कारण तो ‘सामान्यतः निवासी’, म्हणजे बरीच वर्षे इथे राहिलेला, नसतो. हे ऐकले की त्याचा जीव भांड्यात पडतो. इथे केलेल्या कामाचा पगार मात्र तिकडच्या बँकेत जमा झाला तरी इथलेच उत्पन्न. तिथे दोन देशांतला दुहेरी कर टाळण्याचा करार कामी येतो: अमेरिकेशी केलेल्या करारातले कलम 22 अध्यापक-संशोधकाला आल्यापासून दोन वर्षे सूट देते. त्यासाठी मायदेशाचा कर-निवासी दाखला हवा. दुसऱ्या देशाचा पाहुणा आला की तो करार वेगळा वाचायचा.

खरी पंचाईत यजमान कॉलेजच्या लेखापालाची. मानधनातून कर कापताना निवासी-अनिवासींचे नियम वेगळे, आणि डिसेंबरात चेक लिहिताना पाहुणा मार्चपर्यंत थांबणार की फेब्रुवारीतच परतणार, हे त्याला कसे कळावे? मग तो भीतीपोटी जास्तच कापतो, आणि परताव्यासाठी पाहुण्याला पॅन काढून विवरणपत्र भरत बसावे लागते.

प्रत्यक्ष कर मंडळाने एक परिपत्रक काढावे: आल्या-गेल्याचे दिवस धरायचे की नाही आणि मधल्या काळात लेखापालाने काय गृहीत धरायचे. मराठीत आले तर उत्तमच. ऑक्टोबरच्या आधी निघाले तर यंदाच उपयोगी पडेल.

आपला,
एक करसल्लागार, शाहूपुरी, कोल्हापूर