खाडी, जाळी आणि माझं रजिस्टर

प्रिय स्मिते,

"रविवारी होतीस कुठे?" हा तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, रिप्लाय टाइप करायला घेतला तर संपेचना, म्हणून हे पत्रच समज. रविवारी मी ठाणे खाडीवर होते, भांडुप पंपिंग स्टेशनच्या बाजूला, पक्ष्यांच्या पायात नंबरच्या रिंगा घालायला, म्हणजे पुन्हा सापडले तर ओळखता येतात. आई म्हणाली, पहाटे साडेतीनला उठून चिखलात जायचे पैसे तरी देतात का. नाही गं देत.

सगळा खेळ भरतीचा. ओहोटीला हे बारके किनारपक्षी चिखलभर पांगून चरतात, पाणी चढलं की चिखल बुडतो आणि मग थवेच्या थवे वरच्या कोरड्या बांधावर येऊन बसतात, तर जाळी तिथेच लावायची आणि अंधारातच, कारण उजाडलं की ती त्यांना दिसते. म्हणून अमावास्येच्या आसपासचा दिवस धरतात, भरतीही मोठी आणि काळोखही भरपूर. पक्षी जाळीवर आदळतो आणि तिच्याच झोळीत पडतो.

सोडवायला मीरशिकार काका होते. बिहारमधले हे पिढीजात पक्षी पकडणारे लोक, बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) रिंगिंगच्या कामात ते कधीपासूनचे आहेत. आधी पाय, मग पंख, डोकं शेवटी, आणि पीस एक वाकडं होत नाही. मला फक्त टॉर्च धरू दिला, आणि अगदी बरोबर केलं.

मग रजिस्टर माझ्याकडे आलं. अगं, नव्वद टक्के काम कारकुनी आहे! रिंग नंबर, पंखाची लांबी, चोचीची लांबी, वजन. छोटा टिलवा हा बारका किनारपक्षी कापडी पिशवीत घालून काट्याला लटकवतात, वीस-बावीस ग्रॅम, म्हणजे पार्लेजीच्या छोट्या पुड्याहूनही हलका, आणि हा जीव उन्हाळ्यात पार सायबेरियाच्या टुंड्रात अंडी घालायला जातो. गळ्याखालची पिसं फुंकर मारून बाजूला केली की कातडीखाली पिवळी चरबी दिसते, परतीच्या प्रवासाचं पेट्रोल तेच. त्यानंतर पंखातल्या एकेका पिसाला मार्क, जुनं असेल तर शून्य, पूर्ण नवं असेल तर पाच. मोजमाप घेणाऱ्या ताई ओरडायच्या "पाच, पाच, पाच, चार, दोन, शून्य" आणि मी लिहायचे.

मधेच चहा आला तेव्हा ताईंनी जे सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडे माकडताप सापडला, तेव्हा शंका अशी आली की हा व्हायरस स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडींतून येतो की काय, आणि त्यातूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या पैशावर सलीम अलींचा रिंगिंगचा मोठा प्रोजेक्ट उभा राहिला. म्हणजे पैसा आला तापासाठी आणि कळलं पक्ष्यांबद्दल!

उजाडता उजाडता चिखल्या नावाच्या एका पक्ष्याच्या पायात आधीचीच रिंग निघाली. नंबर लॅपटॉपवर शोधला, तर आधीच्या हिवाळ्यात ह्याच बांधावर घातलेली. एवढा अख्खा आशिया पडलाय आणि हा परत भांडुपलाच! सगळे त्याच्याभोवती गोळा झाले, आणि मला वाटतं ते बरोबरच, कारण पहिल्यांदा पकडलेला पक्षी नुसता नंबर देतो, खरी माहिती तो दुसऱ्यांदा सापडला की मिळते, आणि बहुतेक कधीच सापडत नाहीत. त्यासाठीच आता पायात रंगीत फ्लॅगपण, म्हणजे बारकी पट्टी, घालतात, न पकडता दुर्बिणीतून वाचता येतो. तू शिवडीला फ्लेमिंगो बघायला जातेस ना, तेव्हा आजूबाजूच्या बारक्यांचे पायही बघत जा, रंग आणि कुठला वर कुठला खाली ते लिहून ठेव.

एक गृहस्थ सेल्फीसाठी पक्षी हातात मागत होते. ताईंनी त्यांच्या हातात रिकाम्या पिशव्या दिल्या धुवायला. मला ताई फार आवडल्या.

पुढच्या अमावास्येला यायचं असेल तर गुरुवारपर्यंत आधारवरचं पूर्ण नाव पाठव, वनखात्याच्या परवानगीशिवाय जाळीला हातही लावता येत नाही आणि यादी आधीच द्यावी लागते. गमबूट तुझे तूच आण, माझे तुला होणार नाहीत.

तुझी,
मंजू