मुंजा आणलास, आता पिंपळही आण

सांगली

प्रिय अवी,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या नव्या कॅम्पेनची, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या आपल्या फाशांच्या आणि सोंगांच्या खेळासाठी तू रचलेल्या कथेची, वही मिळाली. नकाशा फार देखणा झालाय. घाटमाथ्यावरचं पडकं ठाणं, खाली नदीकाठची पेठ, दोन्ही डोळ्यांपुढे उभी राहतात. पण चौथ्या पानावर अडलो. फोनवर बोललो असतो तर निम्मं राहून गेलं असतं, म्हणून लिहितोय.

तुझ्या पेठेत हडळ आहे, मुंजा आहे, खवीस आहे आणि पलीकडच्या रानात परदेशी परीकथांतले एल्फ आहेत. एल्फांबद्दल माझी तक्रार नाही. कुठूनही काय हवं ते आण. पण मुंजा आणलास की त्याच्यासोबत पिंपळ आला पाहिजे. पोराची मुंज झाली होती आणि सोडमुंजीआधीच तो गेला, हे आलं पाहिजे. त्याचे भाऊबंद अजून त्याच गावात नांदत असले पाहिजेत. तुझ्या वहीत तो ठाण्याच्या तळघरात नुसते हिट पॉइंट्स, म्हणजे किती मार सोसेल त्याचा आकडा, घेऊन बसलाय. त्याच्या जागी सांगाडा ठेवलास तरी खेळात तसूभर फरक पडणार नाही.

डंजन्स अँड ड्रॅगन्सवाल्यांनी आपल्या राक्षसाचं हेच केलं. १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधला, त्यांच्या अक्राळविक्राळ प्राण्यांच्या पुस्तकातला, राक्षस आठवतो ना? वाघाचं तोंड, आणि मंतरलेला बाण लागला की खलास. चित्र झकास आहे, पण त्याला घराणं नाही. आपल्याकडे रावण पुलस्त्याचा नातू, हिडिंबा भीमाची बायको आणि घटोत्कच पांडवांच्या बाजूने लढणारा. राक्षसांचं बळ रात्री वाढतं, म्हणून चौदाव्या दिवशीचं युद्ध रात्रीही चालू राहिलं तेव्हा तो कौरवांना आवरेना. कर्णाकडे इंद्राने दिलेली शक्ती होती, कवचकुंडलांच्या बदल्यात मिळालेली, एकदाच वापरता येणारी, अर्जुनासाठी जपून ठेवलेली. कृष्णाला तो नियम पक्का ठाऊक होता, म्हणून त्याने घटोत्कचाला कर्णावर सोडलं आणि शक्ती तिथेच खर्ची पडली. नियम ढिला असता तर हा डाव टाकताच आला नसता.

मला सुसंगती हवी ती एवढ्यासाठी. जगाचे कायदे ठाऊक असले की खेळाडू पुढचा विचार करू शकतो. नाहीतर त्याच्या हातात फासा फेकण्यापलीकडे काही उरत नाही.

पावसाळ्यात आमच्याकडे झालेल्या खेळाला तू नव्हतास. मंडळी रात्री एका डोहाशी पोचली आणि पाण्यातून आसरा, त्या डोहातल्या जलदेवता, वर आल्या. दोघांनी लगेच इनिशिएटिव्हसाठी, म्हणजे लढाईत आधी कोण हे ठरवायला, फासे उचलले. कवठेमहांकाळकडची आपली मैत्रीण मात्र शांतपणे म्हणाली, ‘थांबा. काठाला शेंदूर लावलेले दगड आहेत का?’ मी म्हटलं, आहेत, सात. तिने वीस बाजूंचा फासा बाजूला ठेवला. ‘मग मी ओटी भरते. हिरवा खण, हिरव्या बांगड्या, दहीभात.’ सगळ्यांच्या कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राचं सामान लिहिलेले कागद, धुंडाळल्या. दोर होता, मशाली होत्या, तेल होतं. खण कुणाकडेच नव्हता! मग अर्ध्या रात्री गावात शिरून कासाराला उठवणं, त्याच्या बायकोची समजूत घालणं, विरजण कुणाच्या घरी मिळेल याची चौकशी. लढाई झालीच नाही, तरी एकही जण टेबलावरून हलला नाही. यातलं काही रूलबुकात लिहिलेलं नव्हतं, आणि मला कुणाला काही समजावूनही सांगावं लागलं नाही.

आपल्याच सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, तेही याच बळावर. सूत्रधार पदं म्हणत कथा पुढे न्यायचा आणि पात्रं आपापली भाषणं आयत्या वेळी बोलायची. अललडुर्र करत येणाऱ्या राक्षसाला काय शोभतं आणि रामाला काय, हे नटांना ठाऊक होतं आणि समोर बसलेल्यांनाही. म्हणूनच भाषणं लिहून न देता नाटक उभं राहायचं. खेळ चालवणारा डंजन मास्टर दुसरं काय करतो, सांग.

आता तुझ्या पेठेतल्या देवळाकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते त्यावर. तिथला पुजारी मेलेल्याला उठवतो. खेळाच्या पाचव्या आवृत्तीतला मंत्र तू जसाच्या तसा घेतलायस: ५०० सुवर्णमुद्रांचा हिरा, आणि मरून दहा दिवसांपेक्षा जास्त झालेले नसावेत. अरे, ज्या गावात हे होऊ शकतं तिथे सावकाराच्या तिजोरीत सोन्याआधी हिरे असतील. वतनाची वाटणी अकराव्या दिवसापर्यंत कुणी काढणार नाही. बाप परत येईल की काय म्हणून थोरला मुलगा झोपणार नाही. यातलं काहीच तुझ्या वहीत नाही, लोक एरवीसारखेच रडतात आणि तेरावं घालतात.

आणि दहा दिवस! आपला दहावा तुझ्या हातात आयता आलाय आणि तुझं लक्षच गेलं नाही. दहाव्याला घाटावर पिंड ठेवतात. कावळा शिवला नाही तर गेलेल्याचं काहीतरी मागे राहिलंय असं मानतात, आणि घरचे हात जोडून शब्द देतात, तुमच्या धाकटीचं लग्न आम्ही करून देऊ, जमीन विकणार नाही. तसंच ठेव. कावळा शिवेपर्यंतच मंत्र लागू. मग घाटावर एका बाजूला हिरा घेऊन धावत येणारी बायको, दुसऱ्या बाजूला कावळा लवकर शिवावा म्हणून वाटेल तो शब्द देत सुटलेले भाऊबंद, आणि मध्ये आपण. हे एवढं केलंस तर मला त्या ठाण्यातला खजिनाही नको.

बाकी बारीकसारीक गोष्टी पेन्सिलीने वहीतच लिहिल्यात. दिवाळीत येशील तेव्हा दोन रात्री मोकळ्या ठेव. त्याआधी पेठेची वेस कुठल्या बाजूला आहे आणि वेशीवर कोण बसलंय, म्हसोबा की दुसरा कुणी, तेवढं कळव. मी गुरव खेळणार आहे, आणि त्याचा नैवेद्य ठरल्याशिवाय मला सामानाची यादी करता येत नाही.

तुझा,
बाळू