सामू मोजण्याआधी

ठाणे

चि. सानिकास,
अनेक आशीर्वाद.

समुद्राच्या आम्लीकरणावर देशांचा वेगळा करार कोणता, असं तू काल विचारलंस. वेगळा करार नाही. आपण सोडलेल्या कर्बवायूपैकी सुमारे पाव हिस्सा समुद्र शोषून घेतो. त्याचं कार्बनिक आम्ल होतं आणि कालवं-तिसऱ्यांना कवचासाठी लागणारं कार्बोनेट घटतं. म्हणून मूळ उपाय, म्हणजे कर्बवायू कमी सोडणं, २०१५ च्या पॅरिस करारात आहे. मोजणीची जबाबदारी मात्र संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्ट १४.३ खाली येते. युनेस्कोचा आंतरसरकारी समुद्रविज्ञान आयोग ती आकडेवारी देशांकडून गोळा करतो. २१ मे २०२४ ला हॅम्बुर्गच्या सागरी न्यायाधिकरणाने हरितगृह वायूंचं उत्सर्जन हे सागरी प्रदूषणच आहे, असं मत दिलं. मत सल्ल्याचं असलं तरी सागरी कायद्याच्या कराराने बांधलेल्या देशांना, म्हणजे भारतालाही, ते सहज झटकता येणार नाही. मला ते फार मोलाचं वाटतं.

पण सगळं सहकार्य शेवटी अडतं ते आकड्यावर. औद्योगिक काळापासून समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ८.२ वरून ८.१ वर आला. फरक फक्त ०.१ चा, पण ही मोजपट्टी लॉगची, म्हणजे एका अंकाला दहापट अशी, असल्याने हायड्रोजन आयन पावपटीहून अधिक वाढलेत. आता बघ: तुमच्या प्रयोगशाळेतला सामू मोजायचा काचेचा इलेक्ट्रोड नेहमीच्या बफरवर, म्हणजे सामू आधीच ठाऊक असलेल्या द्रावणावर, जुळवून घेतलेला असतो. ती एनबीएस पट्टी. समुद्रशास्त्रज्ञ ‘टोटल’ पट्टी वापरतात. दोन्हींत ०.१ ते ०.१५ चा फरक पडतो, म्हणजे जवळजवळ शतकभराच्या बदलाएवढा! एका देशाने एक पट्टी आणि शेजाऱ्याने दुसरी वापरली, तर तुलनाच संपली. म्हणून आकड्याशेजारी पट्टी, तापमान आणि क्षारता, म्हणजे पाण्यातल्या मिठाचं प्रमाण, लिहिल्याशिवाय वही मिटू नकोस.

२०१२ पासून चाललेल्या जागतिक आम्लीकरण निरीक्षण जाळ्याने अचूकतेच्या दोन पायऱ्या ठरवल्या आहेत. स्थानिक चढउतार कळायला ०.०२ पर्यंतची अनिश्चितता चालते, दशकांचा कल पकडायला ०.००३ च लागते. दुसरी पायरी गाठणं महाग आहे. उपकरण तपासायला जे प्रमाणित समुद्रपाणी लागतं, ते बहुतेक जग सॅन दिएगोच्या एकाच प्रयोगशाळेतून मागवतं. इतका महत्त्वाचा धागा एकाच ठिकाणी बांधलेला असावा, हे मला पटत नाही. सरकारांनी मिळून दुसरी-तिसरी प्रयोगशाळा उभी करायलाच हवी.

वाशीच्या खाडीतला तुझा आकडा महासागराच्या कलाचा पुरावा नाही, हेही ध्यानात ठेव. सांडपाणी आणि खारफुटीच्या चिखलात कुजणारा पाला कर्बवायू सोडतो, त्यामुळे ओहोटीला सामू आपसूक उतरतो. म्हणून भरती आणि ओहोटी, दोन्हींचे नमुने घे आणि वेळ लिही.

बाटली ५०० मिलीची बोरोसिलिकेट काचेची घे. नळी तळाशी टेकवून, बुडबुडे न होऊ देता भर आणि आणखी एक बाटलीभर पाणी वाहून जाऊ दे. मग ५ मिली काढून टाक, म्हणजे पाणी तापून फुगलं तरी बूच उडणार नाही. संपृक्त मर्क्युरिक क्लोराइडचे ०.१ मिली घाल, नाहीतर पाण्यातले सूक्ष्मजीव श्वास घेत राहतात आणि तुझा आकडा बदलतो. ते जहरी आहे: हातमोजे घालायचेच, आणि मोजून झाल्यावर त्या बाटल्या खाडीत किंवा मोरीत रिकाम्या न करता रासायनिक कचऱ्यात द्यायच्या.

तुझी,
आई