मागच्या ब्रेकचे खापर ‘ताईं’वर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या घरच्या गाडीचे मागचे ब्रेक पॅड २३ हजार किलोमीटरलाच संपले. पुढचे अजून निम्म्याहून जास्त शिल्लक आहेत. सर्व्हिस सेंटरमधल्या साहेबांनी जॉबकार्डातून मान वर न काढताच निदान केले, ‘ताई, तुम्ही हँडब्रेक ओढलेला ठेवून गाडी चालवत असाल.’ माझे यजमान शेजारीच उभे होते. गाडी तेही चालवतात, पण त्यांना कोणी काही विचारले नाही.

मुळात या गाडीला ओढायचा हँडब्रेकच नाही. बटण आहे. पट्टा लावून ॲक्सिलरेटर दाबला की ब्रेक आपोआप सुटतो. आपण विकलेल्या गाडीत काय आहे, एवढे तरी विकणाऱ्याला ठाऊक असावे!

शेवटी अमळनेरातल्याच मिस्तरीकडे चाक उतरवले. ‘बाहेरना पॅड तं नवाच शे ताई, मझारना बठ्ठा घसाई गया,’ तो म्हणाला. खरेच, आतल्या पॅडची नुसती लोखंडी पट्टी उरली होती आणि तिने चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर बोट फिरवले तर लागेल अशी चरी पाडली होती. दोन्ही पॅड डिस्कवर आवळणारा कॅलिपर ज्या पिनांवर पुढे-मागे सरकतो त्या कोरड्या ठक्क, गंजलेल्या. एक तर हातोडीशिवाय निघेना. पिन अडकली की कॅलिपर सरकत नाही, आतला पॅड डिस्कला घासत राहतो आणि बाहेरचा आराम करतो. यात चालवणाऱ्याचा पाय कुठे आला?

नव्या गाड्यांत हलक्या ब्रेकला गाडीचे नाक दबू नये म्हणून इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मागच्या चाकांवर जास्त काम टाकते, मागचे पॅडही आकाराने लहान असतात, हे मान्य. त्याने मागचे पॅड लवकर संपतील, पण आतल्या-बाहेरच्यात एवढा फरक पडणार नाही. त्यात आमचे रस्ते. पारोळा तालुक्यातल्या शाळेत जाताना उन्हाळाभर फुफाटा, पावसाळ्यात काळा चिखल, आणि पुढच्या चाकांनी उडवलेले सगळे मागच्या ब्रेकवर. अशा ठिकाणी पिना साफ करून ग्रीस लावणे दर सर्व्हिसला हवेच. गंमत म्हणजे आमच्या मागच्या बिलात ‘ब्रेक सफाई’चे पैसे लावलेले आहेत!

पॅड झिजणारी वस्तू, म्हणून वॉरंटीत बसत नाही, असे उत्तर सर्व्हिस सेंटरने दिले. पॅडचे पैसे मी देईन. पण पिन ही झिजणारी वस्तू नव्हे आणि डिस्क खराब झाली ती तिच्यामुळे. त्यात मागचे पॅड बदलताना त्या बटणाच्या ब्रेकची मोटर स्कॅनर लावून मागे घ्यावी लागते. मिस्तरीकडे तो स्कॅनर नाही, म्हणजे फिरून दार त्यांचेच. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे.

कंपन्यांकडे मागणी एवढीच, की जॉबकार्डावर चारही चाकांच्या आतल्या आणि बाहेरच्या पॅडची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून द्यावी. ‘ब्रेक ओके’ या शिक्क्याला काही अर्थ नाही. मागेही डिस्क असलेल्या गाडीवाल्यांनी पुढच्या सर्व्हिसला चाक उतरवताना समोर उभे राहावे आणि आतला पॅड दाखवायला सांगावे. बाहेरचा चाकाच्या फटीतून दिसतो आणि तोच फसवतो.

— एक शिक्षिका, अमळनेर (जि. जळगाव)