खेळात सगळ्यांना सामावून घेणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

आपल्या मालिकेच्या ऑनलाइन फॅन ग्रुपच्या मॉडरेटरपदावरून तुम्ही आता मोकळ्या होताय, हे वाचलं आणि जाहीर पत्र लिहायचं ठरवलं. आभाराच्या कमेंटी तुम्हाला भरपूर येतीलच. मला त्यापलीकडे, तुम्ही नेमकं काय केलंत ते लिहून ठेवायचं आहे. तुमचं बरंचसं काम बाहेरून दिसत नव्हतं, आणि न दिसणारं काम पुढच्या माणसाच्या हातून सहज सुटून जातं.

कुठल्याही फॅन ग्रुपमध्ये मान असतो तो माहितीला. कुठल्या भागात कोण काय म्हणालं, कुणाची तलवार कुणाकडे गेली, हे ज्याला तोंडपाठ तो मोठा. नवा माणूस येतो, चार चर्चा वाचतो, आपल्याला यातलं फारसं ठाऊक नाही असं ठरवतो आणि गप्प राहतो. वेबसाइटच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेला ९०-९-१ चा ढोबळ नियम प्रसिद्धच आहे: ऑनलाइन समूहांत साधारण ९० टक्के लोक फक्त वाचतात, ९ टक्के अधूनमधून लिहितात आणि उरलेला एक टक्का बहुतेक सगळं लिहितो. पुष्कळ जण याकडे निसर्गनियम म्हणून बघतात. तुम्ही तसं बघितलं नाहीत; गप्प बसलेल्यांना बोलतं करायला तुम्ही ग्रुपवर खेळ सुरू केलेत.

तुमचा पहिला खेळ मला अजून आठवतो. ‘वेशीवरच्या पहारेकऱ्याच्या खिशात काय सापडेल?’ एवढाच प्रश्न. मूळ कथेत त्या पहारेकऱ्याला दोन वाक्यं आहेत आणि नावसुद्धा नाही. म्हणजे या प्रश्नाचं उत्तर जुन्या जाणकाराकडेही नव्हतं आणि काल आलेल्याकडेही नव्हतं. दोघं एका पातळीवर आले. तोवर कधीच न लिहिलेल्या एकाने लिहिलं, ‘वाळलेलं पान. मुलीने दिलेलं.’ त्यावर तुम्ही नुसतं ‘छान’ म्हणून पुढे गेला नाहीत. तुम्ही विचारलंत, ‘मग त्या रात्री दार उघडं राहिलं ते या मुलीमुळे का?’ आणि त्या चार शब्दांवरून कथेतल्या सगळ्यात मोठ्या विश्वासघाताकडे बघायची एक नवी वाट उघडली. दोन दिवस चर्चा चालली. ती उथळ नव्हती, उलट आमच्याकडे झालेल्या सगळ्यात चांगल्या वाचनांपैकी ती एक होती असं माझं ठाम मत आहे.

पहिल्या उत्तराला मिळणारं उत्तर हीच सगळ्यात नाजूक जागा, हे तुम्हाला बरोबर कळलं होतं. उत्स्फूर्त नाटक करणारे समोरच्याची कल्पना आधी स्वीकारतात आणि मग तिच्यात आपली भर घालतात. तुम्ही प्रत्येक नव्या माणसाशी तेच केलंत. त्याने लिहिलेल्यातली एक वस्तू उचलायची आणि ती गोष्टीत कामाला लावायची. कौतुकाने माणूस सुखावतो, पण आपल्या शब्दावर दुसऱ्याने काही रचलं की तो पुन्हा लिहायला येतो.

आमंत्रण लिहिण्यातही तुमचा हात कुणी धरू शकणार नाही. एक ओळ चालेल, चित्र चालेल, मूळ मालिका अर्धीच पाहिली असेल तरी चालेल, हे सगळं वर स्पष्ट असायचं. कुठल्या भागापर्यंतचं बोलायचं तेही असायचं. (स्पॉयलरची, म्हणजे कथेतलं गुपित आधीच फुटण्याची, ही काळजी जुनीच आहे. १९८० च्या दशकात यूजनेट या जुन्या ऑनलाइन चर्चाजाळ्यावर लोक रॉट-१३ वापरून प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवत आणि शेवट झाकून ठेवत.) शंभर शब्दांच्या गोष्टींचा उपक्रमही तसाच. हा प्रकार ब्रिटिश विज्ञानकथा-फॅन मंडळींत १९८० च्या दशकात रुजला, बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या विज्ञानकथा मंडळातून. त्यात शब्दांची अट कडक असते, आणि नवख्याला तिचाच आधार होतो: फार लांब झालं का, फार थोडं झालं का, ही धास्ती उरत नाही.

अभिरूप न्यायालयाबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहायला हवं. ज्या पात्रावरून ग्रुप उभा दुभंगला होता, त्याच पात्रावर तुम्ही खटला भरलात. मला भीती वाटली होती. पण वकील तुम्ही चिठ्ठ्या टाकून निवडलेत, त्यामुळे त्या पात्राचा सगळ्यात जास्त राग करणाऱ्या सदस्याच्या वाट्याला बचावपक्ष आला. त्याने बचावाचं भाषण इतकं मनापासून केलं की विरोधकही वाचत राहिले. पात्राच्या तोंडचं बोलणं नावापुढे अपूर्णविराम (:) देऊन आणि स्वतःचं मत कंसात, हा साधा नियम होता. त्यामुळे खेळातला आरोप माणसाला लागला नाही.

आणि ‘पडदा’. खेळ चालू असताना कुणीही हा एक शब्द लिहिला की तो धागा तिथेच थांबवायचा, कारण विचारायचं नाही, विषय बदलून पुढे जायचं. टेबलावर बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांत जॉन स्टाव्हरोपुलोस यांच्या एक्स-कार्डचा, म्हणजे टेबलावर ठेवलेल्या एक्स लिहिलेल्या कार्डाचा, उपयोग असाच होतो. एका कथेत आजारपणाचा प्रसंग रंगात आला असताना मी तो शब्द लिहिला होता. मिनिटाभरात गोष्ट समुद्रावर गेली. कुणी मेसेज करून चौकशी केली नाही, कुणी हळहळ दाखवली नाही. त्या वेळी मला नेमकं तेवढंच हवं होतं, ताई. त्यासाठी स्वतंत्र, मनापासून आभार.

‘हा सगळा टाइमपास आहे, गंभीर चर्चा करा,’ असं तुम्हाला अनेकदा ऐकवलं गेलं. मला ते पटत नाही. इंग्रज लेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ मध्ये शेरलॉक होम्सच्या कथांवर मुद्दाम विद्वानाच्या थाटात निबंध वाचला आणि होम्स खराच होऊन गेला असं मानून अभ्यास करण्याचा खेळ मूळ धरू लागला. कथांमधल्या तारखांचा मेळ बसत नाही, डॉ. वॉटसनच्या जखमेची जागा बदलते, अशा त्रुटींमधून वाचकांनी पानंच्या पानं लिहिली. रहस्यकथाकार डोरोथी सेअर्स यांनी तर बजावलं होतं की हा खेळ लॉर्ड्सवरच्या क्रिकेट सामन्याइतक्याच गांभीर्याने खेळायचा. एवढं बारीक वाचन लोकांनी खेळापायीच केलं. तुमच्या पहारेकऱ्याने आम्हाला तेच करायला लावलं.

पुढच्या महिन्यापासून हे खेळ आम्ही तिघंजण मिळून चालवणार आहोत. तुमची आमंत्रणं मी एका फाइलमध्ये जमवली आहेत, नव्या सदस्याला पहिलं उत्तर कोण देणार याच्या पाळ्याही लावल्या आहेत. ‘पडदा’ आहे तसाच राहील. नियमांच्या वर तुमचं नाव घालायचं आहे, त्याला तुमची परवानगी हवी. आणि पहिल्या खटल्यात त्या पहारेकऱ्याची साक्ष काढायची आहे. त्याच्या वतीने तुम्ही बोलाल का?

तुमची,
ग्रुपमधली एक सदस्य