गेम आतल्या खोलीत, पडदा हॉलमध्ये

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. गेम चालतो तो डेस्कटॉप आतल्या खोलीत, त्याचं चित्र घरच्या नेटवर्कवरून हॉलमधल्या टीव्हीला जोडलेल्या जुन्या लॅपटॉपवर येतं, आणि खेळायला बसलं की ते अडखळतं. त्यावर उपाय म्हणून तू इंटरनेटचा प्लॅन १०० वरून ३०० एमबीपीएसचा करायला निघाला आहेस. ते आधी थांबव. चित्र आतल्या खोलीतून राउटरमध्ये येतं आणि तिथून हॉलमध्ये जातं, उंबरा ओलांडतच नाही. प्लॅन कितीचाही असो, या अडखळण्यात फरक पडणार नाही.

डेस्कटॉपचं ग्राफिक्स कार्ड फ्रेम, म्हणजे हलत्या चित्रातलं एकेक स्थिर चित्र, काढतं, त्यातलाच एन्कोडर ती आवळून व्हिडिओ करतो, तो व्हिडिओ नेटवर्कवरून जातो, लॅपटॉप तो उलगडून दाखवतो. कंट्रोलरचं बटण याच वाटेने उलटं येतं. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद. यातला एखादा टप्पा मागे पडला की गाडी अडते. तो कोणता, एवढंच शोधायचं आहे.

सगळे गेम स्टीम या ऑनलाइन दुकानातले असतील तर त्याचंच रिमोट प्ले पुरतं, ते गेमचं चित्र दुसऱ्या यंत्रावर पाठवतं. २०१४ पासून आहे, मांडणी सोपी. पण तुझे गेम चार दुकानांतले, म्हणून डेस्कटॉपवर चित्र पाठवणारं सनशाइन आणि लॅपटॉपवर ते दाखवणारं मूनलाइट टाक. दोन्ही फुकट. मूनलाइट मुळात गेमस्ट्रीमसाठी होतं, म्हणजे ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाच्या अशाच सोयीसाठी. एनव्हिडियाने ती सोय २०२३ मध्ये बंद केली. तिची जागा सनशाइन भरून काढतं आणि एएमडी, इंटेलच्या कार्डांवरही चालतं.

सनशाइन टाकल्यावर त्याच डेस्कटॉपच्या ब्राउझरमध्ये https://localhost:47990 हा पत्ता उघड, म्हणजे सनशाइनच्या सेटिंगचं पान येईल. ब्राउझर धोक्याची पाटी दाखवेल. सर्टिफिकेट सनशाइनने स्वतःच बनवलेलं असतं म्हणून, पुढे जा. युजरनेम-पासवर्ड ठरव आणि कागदावर लिहून ठेव. लॅपटॉपवर मूनलाइट उघडलं की डेस्कटॉपचं नाव दिसेल, त्यावर टिचकी मारल्यावर चार आकडी पिन येईल, ती सनशाइनच्या पिनच्या पानावर भर. झाली जोडणी.

नावच दिसलं नाही तर बहुधा तीनपैकी एक भानगड असते. विंडोजने घरच्या नेटवर्कला ‘पब्लिक’ मानलं असेल; ते ‘प्रायव्हेट’ कर. लॅपटॉप गेस्ट वायफायवर असेल. तिथली यंत्रं एकमेकांना दिसू नयेत अशीच सहसा योजना असते. किंवा घरात दोन राउटर असतील, एक फायबरवाल्याने बसवलेला आणि त्याच्या मागे तुझा. दोन्ही कॉम्प्युटरचे आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, बघ: एक १९२.१६८.१ ने सुरू आणि दुसरा १९२.१६८.० ने, तर हेच. तुझा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाक, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता नुसतं वायफाय देईल. पोर्ट फॉरवर्डिंगच्या, म्हणजे इंटरनेटवरून घरातल्या यंत्रापर्यंत वाट उघडण्याच्या, फंदात मात्र पडू नकोस. घरातल्या घरात त्याची गरज नाही, उगाच बाहेरच्यांना दार उघडं.

आता खरं दुखणं, वायफाय. दोन्ही कॉम्प्युटर वायफायवर असले की डेटाचं प्रत्येक पॅकेट (पुडकं) हवेतून दोनदा जातं: डेस्कटॉपकडून राउटरला, राउटरकडून लॅपटॉपला, आणि एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं. म्हणून एकच वायर ओढायची असेल तर ती डेस्कटॉप ते राउटर. हवेतला निम्मा भार तिथेच उतरतो. कॅट-६ प्रकारची नेटवर्कची वायर घे, अंतराची चिंता नको, १०० मीटरपर्यंत चालते. फक्त शुद्ध तांब्याची आहे ना ते विचार. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण वळणावर लवकर तुटते. विजेच्या तारांच्या पाइपात घालू नकोस, भिंतीच्या कडेने वेगळी केसिंग-पट्टी मार. आणि इलेक्ट्रिशियनला आठही तारा जोडायला सांग. चारच जोडल्या तर लिंक १०० एमबीपीएसवर अडकते. १०८०पी (फुल एचडी) चित्राला तेवढंही पुरतं म्हणा, पण पुन्हा पट्टी उखडायची वेळ कशाला आणायची?

लॅपटॉपपर्यंत वायर नेता येत नसेल तर तो ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर ठेव. २.४ वर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राउटर, मायक्रोवेव्ह आणि तुझा ब्लूटूथ कंट्रोलर, सगळे एकाच बोळात. चॅनेल ३६ ते ४८ मधला निवड. ५२ ते १४४ हे रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनेल सोडावा लागतो आणि ऐन लढाईत चित्र गोठतं. राउटर आणि लॅपटॉप यांच्यामध्ये लोखंडी कपाट असेल तर आधी ते किंवा राउटर हलव. लॅपटॉप चार्जिंगवर ठेव, बॅटरीवर वायफाय कार्ड डुलक्या घेतं. आणि ठरावीक वेळाने, घड्याळ लावल्यासारखा एक हिसका बसत असेल तर लॅपटॉप आजूबाजूची नेटवर्कं धुंडाळत असण्याची शक्यता मोठी. विंडोजची लोकेशन सेवा बंद करून बघ.

मग खेळ सुरू करून लॅपटॉपवर कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-एस दाब. कोपऱ्यात आकडे येतील. नेटवर्कमुळे गळलेल्या फ्रेमची टक्केवारी शून्याच्या वर रेंगाळली तर दोष वायफायचा. बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवायचा डेटा, १०८०पी, ६० फ्रेमला २० एमबीपीएस ठेवून सुरुवात कर. अंधाऱ्या दृश्यात चौकोन दिसले तर ३०-४० पर्यंत ने, गळती वाढली तर मागे ये.

उलगडायला लागणारा वेळ १० मिलिसेकंदांच्या वर असेल तर लॅपटॉपचं वय आड येतंय. व्हिडिओ आवळण्या-उलगडण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरला हार्डवेअरवर एच.२६४ हा कोडेक झेपतो, एचईव्हीसी सहाव्या पिढीपासून, एव्ही१ अकराव्यापासून. मूनलाइटच्या सेटिंगमध्ये लॅपटॉपला पेलणारा कोडेक निवड, नाहीतर सगळं प्रोसेसरवर येतं आणि पंखा विमानासारखा घोंघावतो.

फ्रेम टिपून आवळायला लागणारा डेस्कटॉपकडचा वेळ फुगला असेल तर ग्राफिक्स कार्ड १०० टक्क्यांना भिडलेलं असतं. एन्कोडर वेगळा असला तरी फ्रेम टिपायला कार्डाकडेच पाळी लावावी लागते. गेममध्ये फ्रेमची मर्यादा ६० कर, सावल्या एक पायरी खाली आण.

आकडे चांगले आणि तरीही बटण उशिरा लागतंय? मग टीव्ही बघ. चित्र सुंदर करण्याच्या नादात टीव्ही स्वतःच वेळ खातो, आणि तो वेळ मूनलाइटच्या आकड्यांत दिसत नाही. लॅपटॉप जोडलेल्या एचडीएमआयपुरता टीव्हीचा गेम मोड लाव. कंट्रोलर लॅपटॉपला जोड, शक्यतो यूएसबीने.

डेस्कटॉपचा मॉनिटर काढून टाकायचा विचार असेल तर एचडीएमआयचा डमी प्लग, म्हणजे मॉनिटर असल्याचा भास करून देणारी छोटी खुंटी, लावून ठेव. पडदाच नाही असं विंडोजला वाटलं तर पाठवायला चित्रच उरत नाही.

वायर टाकण्याआधीचे आणि नंतरचे आकडे, दोन्ही लिहून पाठव. लॅपटॉपचा प्रोसेसर कोणत्या पिढीचा तेही कळव, म्हणजे कोडेकचं नक्की सांगता येईल. काकूंना नमस्कार.

तुझा,
समीर