निर्जंतुक केलेली बरणी टाकीच्या पाण्याने विसळू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी कोंबुचा (गोड चहा आंबवून केलेलं पेय), जिंजर बिअर आणि द्राक्षाचं व्हिनेगर कसं करायचं यावर लेख आला होता. रेसिपी चांगली होती, प्रमाणंही बरोबर होती, पण भांड्यांबद्दल शेवटी एकच ओळ होती की बरणी सॅनिटायझरने निर्जंतुक करायची आणि मग नळाच्या पाण्याने दोन-तीनदा विसळून घ्यायची. या एका ओळीमुळं सोलापुरात तरी बऱ्याच जणांचा माल फुकट जाणार आहे म्हणून हे पत्र लिहितोय.

आपल्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. ते आपण हौदात साठवतो, तिथनं मोटर लावून वरच्या टाकीत चढवतो, टाकी दिवसभर उन्हात तापते, तळाला गाळ बसलेला असतो, आणि पाणी सोडताना त्यात जे काही क्लोरीन होतं ते एवढ्या दिवसांत बरंचसं उडून गेलेलं असतं. भांडी घासायला, आंघोळीला हे पाणी चालतंच की, पण जी बरणी आत्ता पाच मिनिटांपूर्वी निर्जंतुक केली तिच्यात हेच पाणी घालून खळखळ हलवलं तर टाकीतले जंतू आणि बुरशी आपण आपल्या हातानं परत आत सोडतो. वरून त्यात साखरेचा कोमट चहा ओततो. चाळीसच्या वर तापमान असलेल्या एप्रिल-मेमध्ये तर ते फोफावायला वेळच लागत नाही.

आपल्या घरच्या बायकांना हे आधीपासून माहीत आहे. लोणच्याची बरणी धुतात, कडक उन्हात वाळवतात, हिंगाची धुरी देतात, त्यानंतर तिला कुणी पाण्याचा थेंब लावू देतं का? आणि लोणच्याला निदान मीठ, तेल, आंबटपणा राखायला असतो. कोंबुच्याच्या गोड चहाला पहिले काही दिवस असलं काहीच नसतं, म्हणून तर आधीच्या तयार कोंबुच्याचा दहा टक्के तरी आंबट भाग त्यात घालायचा असतो. पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४.२ च्या खाली गेला की मग धोका कमी होतो.

आता विसळायचं की नाही, तर ते तुम्ही काय वापरलं त्यावर आहे. इथं लोकांची गल्लत होते कारण घासणं आणि निर्जंतुक करणं ही दोन कामं ते एकच धरतात. साबणानं, भांड्याच्या लिक्विडनं किंवा सोड्यानं घासलं की भरपूर पाण्यानं विसळायचंच, तिथं टाकीचं पाणीही चालतं, कारण खरं निर्जंतुक करणं त्याच्यानंतर आहे. आणि घासल्याशिवाय निर्जंतुक होत नाही हेही तितकंच खरं. ज्यांच्याकडं खाली नळ असलेली काचेची बरणी आहे त्यांनी एकदा तो नळ पूर्ण खोलून बघावा. बाहेरून लखलखीत दिसतो, पण रबरी वॉशर काढला की त्याच्या खाली पिवळट, बोटाला बुळबुळीत लागणारा थर निघतो, नखानं खरवडावा लागतो, आंबूस वास येतो. तो जंतूंनीच तयार केलेला थर असतो आणि वरून कितीही भारी सॅनिटायझर ओतला तरी आतल्या जंतूंपर्यंत तो नीट पोचत नाही. प्रत्येक वेळी नळ सुटा करून ब्रशनं घासलाच पाहिजे, आणि आतून ओरखडे पडलेली प्लास्टिकची बरणी तर या कामाला घेऊच नये.

बाहेरच्या देशात घरी बिअर करणारे लोक स्टार सॅन नावाचं द्रावण वापरतात, फॉस्फोरिक आम्लाचं असतं. (आपल्याकडं परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही, १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, पण भांड्यांचं शास्त्र कोंबुच्यालाही तेच.) १९ लिटर पाण्याला ३० मिली, म्हणजे लिटरला दीड मिलीच्या आसपास, एक-दोन मिनिटं सगळीकडं ओलं राहिलं पाहिजे, मग उलटं करून निथळायचं आणि थेट भरायचं. विसळायचं नाही. बरणीत फेस राहतो तो बघून लोक घाबरतात आणि विसळतात, पण सांगितलेल्या प्रमाणात केलं असेल तर त्या फेसानं काही होत नाही. आयोडोफोर म्हणजे भांड्यांसाठीच्या आयोडिनच्या द्रावणाचंही तसंच, १२.५ पीपीएमला (दहा लाखात १२.५ भाग) विसळावं लागत नाही, नुसतं निथळू द्यायचं. फक्त जखमेवर लावायचं आयोडिन त्याच्या जागी वापरू नका.

एक गोष्ट मात्र सोलापूरकरांनी लक्षात ठेवायलाच हवी. हे आम्लाचं द्रावण बोअरच्या पाण्यात करू नये. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते गीझरच्या कॉइलवर दिसतंच, ते क्षार आम्लाला मारून टाकतात, द्रावण दुधाळ होतं आणि पीएच ३ च्या वर गेला की त्याचा भरवसा नाही. आरओचं पाणी घ्या, मग द्रावण स्वच्छ राहतं. पण तेच आरओचं पाणी विसळायला मात्र बिनधास्त घेऊ नका, त्यात क्लोरीन राहिलेलं नसतं आणि साठवलेल्या टाकीत जंतू वाढू शकतात.

विसळावं लागतं ते ब्लीचला. ५ टक्के हायपोक्लोराइटचं साधं, बिनवासाचं ब्लीच लिटरला ४ मिली घातलं की २०० पीपीएम होतं. अमेरिकेत या प्रमाणापर्यंत नुसतं निथळलं तरी नियमानं चालतं, पण चवीचं काय? उरलेलं क्लोरीन बिअरमधल्या फिनॉल नावाच्या घटकांशी मिळून क्लोरोफिनॉल बनतं आणि ते अब्जात काही भाग असलं तरी जिभेला कळतं, दवाखान्यातल्या पट्टीसारखा वास येतो, सगळी बॅच टाकून द्यावी लागते. म्हणून ब्लीच वापरलं तर विसळायचं, पण दहा मिनिटं खळखळ उकळून झाकून गार केलेल्या पाण्यानं. स्टीलच्या भांड्यात ब्लीच रात्रभर ठेवू नका, खड्डे पडतात. आणि ब्लीच लावलेल्या बरणीत कुणी विसळायला म्हणून व्हिनेगर ओतू नये! दोन्ही एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो. तुमच्या लेखात पुढच्याच परिच्छेदात स्कोबी (कोंबुच्याचं जाडसर विरजण) टाकायच्या आधी बरणी व्हिनेगरनं ओलसर करा असं आहे, त्यामुळं ही सूचना तिथं असायलाच हवी होती.

खरं तर घरगुती कामाला यातलं काहीच विकत आणायची गरज नाही. बरणी आणि बाटल्या उष्णता सहन करणाऱ्या काचेच्या असतील तर गार पाण्यात बुडवून पातेलं गॅसवर ठेवा, हळूहळू तापू द्या, उकळी आल्यावर दहा मिनिटं ठेवा, चिमट्यानं काढून स्वच्छ कापडावर उलट्या ठेवा. विसळायचा प्रश्नच येत नाही आणि खर्च फक्त गॅसचा.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पंढरपूरकडची द्राक्षं स्वस्त झाली की खूप जण व्हिनेगर लावतील. त्याच्या आधी या पुरवणीत दुरुस्ती छापावी, आणि इथून पुढं अशा रेसिपीसोबत कोणता सॅनिटायझर, लिटरला किती, किती मिनिटं आणि विसळायचं की नाही हे चारही ठळक छापावं ही विनंती.

आपला,
एक वाचक
जुळे सोलापूर